वर्षावास आणि घरातील कचरा : एक अभ्यासपाठ

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. संध्याकाळी उपासक-उपासिका जमतात, विद्यार्थी येतात, वाचन झाले की प्रश्नोत्तरे होतात. अशाच एका बैठकीत नववीत शिकणाऱ्या एका मुलीने उभे राहून विचारले, ‘‘काका, भिक्खू लोक पावसाळ्यात तीन महिने एकाच लेण्यात राहायचे ना? मग त्यांचा केरकचरा कुठं जायचा?’’

सगळे हसले. आम्हीही हसलो. वेळ झाली म्हणून बैठक संपली. पण घरी येताना तो प्रश्न आमच्याबरोबर चालत आला. आम्ही बँकेत कारकून आहोत. पदवीला इतिहास हा विषय होता, एवढीच आमची विद्वत्ता. तरीही त्या मुलीस उत्तर देणे लागते, या भावनेने आम्ही जे वाचले, जे जुन्नरच्या डोंगरांत पाहिले आणि जे स्वतःच्या घरात चुकलो, ते या पाठात मांडीत आहोत.

१. घरी बसलो तेव्हा काय झाले

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. बँका अत्यावश्यक सेवेत असल्याने आम्ही कामावर जात होतो. मातोश्री आणि मुले मात्र घरातच होती. पुढे घरात एकास लागण झाली आणि आम्हा सर्वांनाच दोन आठवडे उंबरठ्याच्या आत राहावे लागले.

त्या दोन आठवड्यांत एक गोष्ट ध्यानात आली. एरवी आपला कचरा वाटला जातो. चहाचा कागदी कप कचेरीत पडतो, वडापावचा कागद एस. टी. स्टँडवर पडतो, मुलांच्या पेन्सिलीचा भुसा शाळेत राहतो. घरी येतो तो थोडासा भाग. माणूस चोवीस तास घरात राहू लागला की त्याचा सगळा कचरा प्रथमच त्याच्या डोळ्यांसमोर येतो. बादली सकाळीच भरू लागली. वस्तीत घंटागाडी येत नव्हती. आम्ही काय केले, तर मागच्या भिंतीवरून ओढ्याच्या बाजूला टाकू लागलो. भात, भाकरीचे तुकडे, भाज्यांची देठे, पिशव्या, सगळे एकत्र.

चार-पाच दिवसांत भिंतीमागे कुत्री जमू लागली. एका रात्री कुत्र्यांचा एकच कल्लोळ झाला आणि एकदम शांत झाले. सकाळी ओढ्याच्या चिखलात बिबट्याच्या पंजाचे ठसे होते आणि एक कुत्रे कमी होते. ज्या भिंतीपाशी ते ठसे होते, त्या भिंतीपाशीच आमची धाकटी मुलगी दुपारी खेळत असे. मातोश्री एवढेच म्हणाल्या, ‘‘आरं, पल्याड टाकलं म्हंजी संपलं का?’’

त्या एका वाक्यात या पाठाचे सार आले आहे. पुढील सर्व विवेचन म्हणजे त्या वाक्याचा विस्तार होय.

२. एके ठिकाणी राहण्याचा नियम

वर्षावासाचा नियम कसा झाला, हे विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. आरंभी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोक तक्रार करू लागले की, हे श्रमण हिरवी रोपे तुडवतात आणि पावसाळ्यात निघणारे लहान जीव यांच्या पायाखाली मरतात. तथागतांनी ही तक्रार ऐकून घेतली आणि भिक्खूंनी पावसाळ्यात तीन महिने एके ठिकाणी राहावे, असा नियम घालून दिला.

विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. आपल्या वावरण्यामुळे दुसऱ्याच्या शेताची आणि मुक्या जिवांची हानी होऊ नये, हे या नियमाचे कारण आहे. म्हणजे वर्षावासाचा उगमच मुळी ‘आपल्यामुळे इतरांना उपद्रव नको’ या विचारातून झाला. मग एके ठिकाणी राहून तेथे घाण साठविली, तर नियमाचा हेतूच फसेल. त्या मुलीचा प्रश्न म्हणूनच हसण्यासारखा नव्हता.

३. जुन्नरच्या डोंगरांतील घरे

आपला जुन्नर तालुका या बाबतीत भाग्यवान आहे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून सुमारे दोनशे लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ती खोदली गेली. नाणेघाटातून कोकणाशी चालणाऱ्या व्यापारामुळे येथे संपन्नता होती आणि दान देणारे हात होते. राजघराण्यांच्या बरोबरीने येथे कारागीर आणि व्यापारी यांची नावे कोरलेली आढळतात. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, इतकेच काय, यवन म्हणविणारे परदेशी दातेही आहेत.

आपण एखाद्या विहारात शिरून पाहावे. मध्ये दालन, भोवती लहान लहान खोल्या, काही खोल्यांतून खडकातच कोरलेला ओटा. झोपण्यापुरती जागा आणि दार. कपाट नाही, माळा नाही, अडगळीची खोली नाही. जेथे साठवण्यास जागाच नाही, तेथे वस्तू आपोआप मोजक्या राहतात. लेण्याद्रीस सहलीला गेल्यावर आम्ही मुलांना हे दाखवतो आणि मग घरी येऊन आमचाच माळा पाहून आम्हाला संकोच वाटतो.

लेण्यालगत पाण्याचे टाके असते. शिलालेखांत त्यास ‘पोढी’ म्हटले आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिल्याचा लेख जुन्नरला आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. पावसाचे पाणी डोंगरावरच अडवायचे, साठवायचे आणि तेच वर्षभर पुरवून वापरायचे. खाली कुकडी नदी वाहत असली तरी प्रत्येक घागर डोंगर चढून आणावी लागली असती. अशा ठिकाणी टाक्याजवळ खरकटे टाकणे म्हणजे स्वतःच्याच पिण्याच्या पाण्यात ते टाकणे. एके ठिकाणी राहणारा माणूस आपल्या घाणीपासून पळून जाऊ शकत नाही, हे डोंगर शिकवितो. गावात राहणारे आपण मात्र ‘पल्याड’ आहे असे समजून चालतो.

४. चीवराचा हिशेब

आता आमच्या व्यवसायाशी जवळचा एक लेख पाहू. तो जुन्नरचा नाही, नाशिकच्या पांडवलेण्यातील आहे. पण त्याच नहपानाच्या काळातला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण नाशिकच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशा ठेवीस ‘अक्षयनीवी’ म्हणत. त्यातील २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ दराने व्याज होते आणि ते त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण याप्रमाणे द्यायचे होते.

विद्यार्थ्यांनी वहीत आकडेमोड करावी. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याचे २०, वर्षाचे २४०. २४० भागिले २० म्हणजे १२. हिशेब पैशापैशास जुळतो. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब पाहून आम्हा कारकुनांची मान आदराने लवते. पण त्यातला दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. वर्षाला वस्त्रासाठी ठरावीक रक्कम. त्यापेक्षा अधिक नाही. मग जुने चीवर फाटले तर?

याचे उत्तर विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. कोसंबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी स्थविर आनंदांना ५०० वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एक श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय? दुकान घालणार? त्याने जाऊन आनंदांना विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ. राजाने विचारले, मग त्यांच्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे काय? गाद्यांच्या खोळी करू. जुन्या खोळींचे काय? जमिनीवर अंथरू. ती अंथरणी विरली की? पायपुसणी करू. पायपुसणी झिजली की? धूळ झटकण्याची फडकी करू. आणि फडकी संपली की? त्यांचे बारीक तुकडे करून मातीत कालवू आणि त्या मातीने जमीन लिंपून घेऊ. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

राजाने सहा वेळा ‘पुढे काय’ विचारले आणि आनंदांपाशी सहाही वेळा उत्तर होते. आपल्या घरातील कोणत्याही वस्तूबद्दल हाच प्रश्न आपण किती वेळा विचारतो? बहुतेक वस्तूंच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला आपले उत्तर असते, ‘‘फेकून देऊ.’’

भिक्षापात्राचाही असाच नियम आहे. पात्रास पाच ठिकाणी सांधे घातलेले नसतील, तर भिक्खूने नवीन पात्र मागू नये. म्हणजे वस्तू मोडली म्हणून ती संपली असे होत नाही. दुरुस्त करून करून ती दुरुस्तीच्या पलीकडे जावी लागते.

५. जुन्याची लाज आणि जुन्याची जाण

स्थविर आनंदांची ही यादी वाचून आम्ही मातोश्रींना ऐकविली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ह्यात नवं काय हाय?’’ खरोखरच त्यांच्या तरुणपणी लुगडे विरले की त्याची गोधडी होई. मऊ भाग बाळाच्या दुपट्यास जाई. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे आणि शेवटी पोतेरे. पोतेऱ्याने शेणमातीची जमीन सारवता सारवता त्याचा धागा न् धागा जमिनीत जिरून जाई. तिकडे जमीन लिंपण्याची माती, इकडे शेणाचे सारवण. शेवट एकच.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नाहीतर हा पाठ खोटा ठरेल. आपल्या समाजात काटकसरीचा उपदेश केला की वडीलधारी मंडळी दुखावतात, आणि ते रास्त आहे. आपल्या वाडवडिलांनी जुने वापरले ते आवडीने नव्हे. गावाने टाकलेले कपडे, गावाचे शिळे तुकडे, गावाची मेलेली जनावरे हेच त्यांच्या वाट्यास दिले गेले होते. गावचा कचरा उचलणे हा त्यांचा ‘धर्म’ ठरविला गेला होता. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे, मृतमांस खाणे आणि उष्टे-शिळे तुकडे स्वीकारणे सोडून देण्यास सांगितले. वतनाच्या जोखडाविरुद्ध ते पुढे झगडले आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. त्या पिढीतील माणसाने पहिल्या पगारात नवी कोरी साडी आणली, नवे भांडे आणले, तर त्यात उधळपट्टी नव्हती. त्यात स्वाभिमान होता.

मग फरक कोठे करायचा? आमच्या मते तो असा. दुसऱ्याने टाकलेले नाइलाजाने घेणे ही गुलामी होय. स्वतःच्या कष्टाने आणलेली वस्तू शेवटपर्यंत वापरणे ही जाण होय. भिक्खूंनी ठिगळांचे चीवर स्वीकारले ते स्वेच्छेने. आपण पुन्हा लाचारीकडे जायचे नाही. समजून उमजून कमी फेकायचे आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथील महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्यास आणि दुर्गुणांपासून दूर राहण्यास सांगितले होते. त्या उपदेशात आजच्या काळी एवढी भर घालावीशी वाटते, की आपले घर स्वच्छ करताना दुसऱ्याचे दार घाण होऊ नये.

६. उकिरडा, कुत्री आणि बिबट्या

जुन्नर आणि आंबेगाव हे बिबट्यांचे तालुके झाले आहेत, हे सांगावयास नको. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्यास आडोसा मिळाला. माणिकडोह येथे वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. दरवर्षी कोठे ना कोठे एखाद्या घरावर दुःख कोसळते. त्याची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व आपल्या हाती नाहीत. परंतु एक कारण आपल्या परसात आहे.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून एक अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-मेंढ्यांपेक्षा कुत्रीच अधिक. आता साखळी जोडून पाहा. भिंतीमागे खरकटे पडते, खरकट्यावर कुत्री जगतात, कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. वन विभागही शिळे अन्न आणि मांसाचे टाकाऊ भाग उघड्यावर टाकू नका, असे सांगत असतो, ते याचसाठी. आमच्या घरामागचे ठसे आम्हीच बोलावून घेतले होते.

पूर्वीही उकिरडा होताच, असे कोणी म्हणेल. होता, पण त्यात शेण, पाचोळा, राख आणि माती असे. भाकरीचा तुकडा उकिरड्यापर्यंत पोहोचतच नसे, तो कोंबडी-शेळीच्या पोटात जाई. उकिरड्याचे वर्षाने खत होऊन शेतात जाई. आज उकिरड्यात पिशव्या आहेत, म्हणून शेतकरी ते खत घेत नाही. आणि खत कोणी नेत नाही म्हणून उकिरडा कायमचा झाला आहे.

७. भिंतीपलीकडे कोण आहे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे नेमके उत्तर. भिक्खुणींच्या पातिमोक्खात एक नियम आहे. भिक्खुणीने मलमूत्र, केर किंवा उरलेले अन्न भिंतीवरून अथवा कुंपणावरून पलीकडे टाकू नये. हा नियम कसा झाला? एकदा भिंतीवरून टाकलेली घाण पलीकडून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर पडली. त्याच्याच पुढचा नियम असा, की हिरव्या पिकावरही टाकू नये. भिक्खूंसाठीही नियम आहे, की पात्र धुतलेले शिते असलेले पाणी वस्तीत फेकू नये.

म्हणजे उत्तर असे झाले : जे पुन्हा उपयोगी पडेल ते पुढच्या उपयोगाला जाई, आणि जे टाकायचे ते पलीकडे कोण आहे हे पाहूनच टाकावे लागे.

आपल्या भिंतीपलीकडे आज कोण आहे? शहरात गेलेला कचरा कोणीतरी हाताने निवडतो. पुणे शहरात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील बहुतेक दलित समाजातून आलेल्या आहेत. त्यांच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम या स्त्रियांसाठी चालविली गेली. कारण ठिपका नसेल तर ती पुडी त्यांना हाताने उघडून पाहावी लागते.

आम्ही नोकरीला लागलो, गावची कामे सुटली, मुले शिकली. पण आम्ही न निवडता टाकलेल्या पिशवीत ब्लेड असेल आणि ते एखाद्या भगिनीच्या बोटात घुसत असेल, तर जे काम आमच्या आजोबांच्या डोक्यावरून उतरले ते आम्हीच तिच्या डोक्यावर ठेवले, असे होते. कायद्याने मानवी मैला वाहण्यास १९९३ मध्ये आणि पुन्हा अधिक कडकपणे २०१३ मध्ये बंदी घातली. परंतु कायदा आपल्या स्वयंपाकघरात येऊन बादल्या वेगळ्या करीत नाही. ते आपणच करावयाचे आहे. मैत्री भावनेचा पाठ दररोज म्हणणाऱ्यांनी तर निश्चितच.

८. घरी करावयाच्या गोष्टी

पावसाळा असो, आजारपण असो, परीक्षेची सुट्टी असो वा निवृत्ती असो. ज्या काळात घरी अधिक राहणे होते, त्या काळात पुढील गोष्टी सुरू कराव्यात. आमच्या घरी त्या टिकल्या, म्हणून सांगतो.

(१) आठ दिवस नोंद ठेवावी. वहीत दोन रकाने आखावेत. डावीकडे ‘घरात काय आले’, उजवीकडे ‘बाहेर काय टाकले’. काही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. आमच्या वहीत उजवीकडे सर्वांत जास्त वेळा दोनच शब्द आले : ‘भात’ आणि ‘पिशवी’.

(२) अन्न मोजून शिजवावे. जेवणारी माणसे विचारून मग तांदूळ घ्यावेत. उरलेल्या भाकरीचा कुस्करा, भाताचा फोडणीचा भात करावा. मात्र पावसाळी हवेत शिजलेला भात फार वेळ तसाच ठेवू नये, तो बाधतो.

(३) ओल्या कचऱ्याचे खत करावे. जुना माठ किंवा डबा घेऊन त्यास खाली व बाजूंनी भोके पाडावीत. तळाशी वाळका पाचोळा घालावा. ओला कचरा जेवढा, त्याच्या दुप्पट सुका भाग म्हणजे पाचोळा, उसाचे पाचट, भाताचे तूस हे घालावे. वर झाकण ठेवावे आणि आठवड्यातून एकदा वरखाली करावे. दुर्गंधी आली तर समजावे, की पाणी अधिक झाले आणि हवा कमी पडली. अशा वेळी सुका पाचोळा वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळी भुसभुशीत माती हाती येते. मांस-मासळीचे अवशेष यात घालू नयेत. ते खोल खड्ड्यात पुरावेत.

(४) सुका कचरा धुऊन, वाळवून साठवावा. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा करू नये. फक्त चीर द्यावी. तो छोटा तुकडा कोणीही वेचू शकत नाही, तो गटारात जातो. पिशवी अखंड असेल तर भंगारवाला घेतो.

(५) प्लास्टिक बंबात किंवा चुलीत जाळू नये. पेटवण म्हणून पिशव्या घालण्याची सवय अनेक घरांत आहे. त्या धुरात विषारी वायू असतात. पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळाले की डायॉक्सिन हे घातक द्रव्य तयार होते. आणि चुलीपुढे बसते ती घरातील स्त्री.

(६) कपड्यांची उतरंड ठरवावी. सुती कपडा असेल तर त्याची गोधडी, पुसणे, पोतेरे. नायलॉन-टेरिलीन पाणी टिपत नाही. त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवाव्यात. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. त्या वेळेपासून आमच्या घरी जुन्या पडद्यांच्या पिशव्या चालू आहेत.

(७) धोक्याचा कचरा वेगळा ठेवावा. ब्लेड, सुया, फुटकी काच, जुने सेल, मुदत संपलेल्या गोळ्या यांसाठी एक जाड डबा ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढावा. या ठिपक्याची लाज वाटू देऊ नये. न काढण्याची लाज वाटावी.

(८) हे काम एकट्या गृहिणीचे नाही. आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. आमच्याकडे खत वरखाली करण्याचे काम रविवारी आमचे आहे आणि पिशव्या धुण्याचे काम मुलाचे आहे. तो कुरकुरतो, पण करतो.

९. संस्थेने करावयाची एक गोष्ट

उपदेश घरांना आणि सूट संस्थेला, असे होऊ नये. आपल्या जयंतीच्या, बुद्ध पौर्णिमेच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनानंतर विहाराच्या मागे कागदी ताटल्या आणि पेल्यांचा ढीग पडतो. दुसऱ्या दिवशी तो ढीग कोण उचलतो, हे आपण कधी पाहिले आहे का?

आमची सूचना अशी, की संस्थेने देणगीतून एकदाच स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले घ्यावेत. विहारातील भोजनाला ती वापरावीत आणि सभासदांच्या घरच्या लग्नकार्याला नाममात्र भाड्याने द्यावीत. येणाऱ्या भाड्यातून मोडतोड भरून काढावी. मुद्दल शाबूत राहील आणि उपयोग दरवर्षी होत राहील. उषवदाताची अक्षयनीवी ती हीच. कासारांच्या श्रेणीचे नाव जेथे दगडात कोरले आहे, त्या जुन्नरच्या लोकांना भांडी सांभाळणे अवघड जाऊ नये. आपापली ताटे आपणच घासावीत, म्हणजे घासण्यासाठी कोणास वेगळे बोलवावे लागणार नाही.

आमच्या घरामागच्या भिंतीवरून आता काही पडत नाही. कुत्री पांगली. बिबट्या ओढ्याने अजूनही जात असेल, तो त्याचा मार्ग आहे. पण आमच्या खरकट्यासाठी तो थांबत नाही. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला तिला आम्ही पुढच्या बैठकीत हे सर्व सांगितले. ती म्हणाली, ‘‘मग काका, राजानं विचारलं तसं आपणही रोज विचारायचं, पुढे काय म्हणून.’’ आमच्या चार पानांचे काम तिने एका ओळीत केले. येत्या वर्षावासात प्रत्येक घरात हा प्रश्न विचारला जावो, अशी मंगल कामना व्यक्त करून हा पाठ पूर्ण करतो. जय भीम!

स्वाध्याय

१. वर्षावासाचा नियम कोणत्या तक्रारीवरून झाला? त्या तक्रारीचा आणि घरातील कचऱ्याचा संबंध पाच-सहा ओळींत लिहा.

२. १००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण दराने वर्षाचे व्याज किती होईल ते काढा.

३. आपल्या घरातील एक जुना कपडा घेऊन स्थविर आनंदांप्रमाणे त्याचे पुढचे किमान चार उपयोग लिहा. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारून यादी पूर्ण करा.

४. ‘दुसऱ्याने टाकलेले घेणे आणि स्वतःचे जपून वापरणे यांत फरक आहे.’ आपल्या आजी-आजोबांशी बोलून या विधानावर आपले मत मांडा.

५. आपल्या घराच्या भिंतीपलीकडे काय आहे आणि कोण आहे? प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि लिहा.